पंप उतरवण्याआधी

जुन्या डिझेल ट्रकच्या दोषांत सर्वांत चकवणारा दोष म्हणजे अधूनमधून येणारी मिसिंग. गाडी चांगली धावत असते. चढ लागतो, इंजिन झटके घेऊ लागते, अॅक्सिलरेटर दाबूनही पिकअप येत नाही आणि दोन-तीन उसळ्या घेऊन ते बंद पडते. पाच-दहा मिनिटे थांबून हातपंप मारला, सेल्फ दिला की पुन्हा चालू. गॅरेजात नेईपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. कायम टिकणारा दोष मिस्त्रीसमोर हजर राहतो, म्हणून तो सापडतो. हा मात्र घाटात येतो आणि गॅरेजात येत नाही. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, शेवटी सगळ्यांत महाग भाग म्हणजे पंप, तोही उतरवला जातो, आणि काही फेऱ्यांनंतर गाडी त्याच चढावर उभी राहते.

यात गैरसोयीइतकाच धोका आहे. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. चढावर इंजिन बंद पडले की टाक्यांत साठलेली हवा तेवढी हाताशी उरते आणि ब्रेकचे पॅडल जितक्या वेळा सोडून दाबावे तितकी ती कमी होत जाते. म्हणून अशा वेळी आधी हँडब्रेक, मग चाकामागे लाकडी ठोकळा किंवा मोठा दगड, मागे इशाऱ्याची खूण, आणि त्यानंतरच बॉनेट.

येथे विचारात घेतलेली गाडी म्हणजे टाटा १६१२ सारखा, यांत्रिक पंपाचा सहा सिलिंडरी ट्रक. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या इंजिनांची घडण पुढे अनेक वर्षे टिकली. यातले ६९७ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर आणि एकूण आकारमान सुमारे ५.७ लिटर. पंप सहसा मायकोचा. बॉशच्या परवान्याखाली १९५१ मध्ये बेंगळुरूला उभ्या राहिलेल्या या कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यातून निघालेली नोझल महाराष्ट्रातल्या प्रत्येक डिझेल मिस्त्रीच्या हाताखालून गेली आहेत.

अशा इंजिनात ठिणगी नसते. एकदा सुरू झाल्यावर, विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड बसवलेला नसेल तर, त्याला बॅटरीचीही गरज उरत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, ती सुमारे सतरापट दाबणारे घट्ट सिलिंडर आणि नेमक्या क्षणी नेमके तेवढे डिझेल. यांपैकी घासलेल्या रिंगा किंवा गळके व्हॉल्व्ह दुपारी बिघडून संध्याकाळी आपोआप नीट होत नाहीत. तुंबलेला एअर क्लीनरही तासाभरात मोकळा होत नाही. येऊन-जाऊन असणारी गोष्ट एकच, ती म्हणजे डिझेलचा पुरवठा. म्हणून दहापैकी बहुतेक वेळा शोध टाकीपासून नोझलपर्यंतच्या वाटेवरच घ्यावा लागतो.

या वाटेकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक महामार्गाकडेच्या मिस्त्रीची. त्याच्या हातांना शेकडो गाड्यांची ओळख असते आणि गाडी लवकर मोकळी करणे हे त्याचे पहिले काम. दुसरी आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा ट्रेड शिकवणाऱ्या निदेशकाची. तो आधी मोजतो आणि मग पाना उचलतो. पुढील संवादात या दोन रीती समोरासमोर ठेवल्या आहेत. दोघांपुढची गाडी एकच: माल भरलेली, कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना मध्येच बंद पडणारी.

मिस्त्री : सर, यात एवढा विचार कशाला? दोन्ही फिल्टर बदला, तांब्याची वायसरं सगळी नवी टाका, रबरी पाइप नवा घाला, फीड पंपाचं किट टाका. दुपारपर्यंत गाडी मोकळी. उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

निदेशक : आणि आठवड्याने ती परत बंद पडली तर?

मिस्त्री : मग पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा.

निदेशक : मिस्त्री, तिथंच माझी हरकत आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालली, तर कशामुळे चालली ते कळत नाही. नाही चालली, तर चारही गोष्टी आधीपासून चांगल्या होत्या की बसवताना एखादं वायसर तिरकं बसलं, तेही कळत नाही. शिवाय जेवढे सांधे उघडले तेवढ्या हवा शिरायच्या जागा वाढल्या.

मिस्त्री : बरोबर, पण धरायचं कुठून? ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणतो, ‘बंद पडते’. पुढं काही सांगत नाही.

निदेशक : कारण आपण त्याला ‘काय होतं’ असं विचारतो. ‘केव्हा होतं’ असं विचारा. तो सगळं सांगेल.

निदेशकाचा हा मुद्दा या विषयाचा गाभा आहे. अधूनमधून येणारा दोष कोणत्या भागात आहे याची ओळख तो कोणत्या वेळी येतो यावरून पटते. बंद पडताना टाकी भरलेली होती की तळाला गेली होती? गाडी निघून दहा मिनिटे झाली होती की दोन तास? इंजिन गार होते की घाट चढून तापलेले? दोष चढावर येतो, खड्ड्यात आदळल्यावर येतो, की रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना? हातपंप मारला तेव्हा तो घट्ट लागला की पोकळ? आणि बंद पडताना मागे धूर कसला होता? ही उत्तरे ड्रायव्हरजवळ असतात. त्याला कोणी विचारत नाही, एवढेच.

धुराचे उत्तर तर लगेच कामाला येते. बंद पडताना धूरच नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नव्हते. पांढरा धूर सोडत अडखळत असेल तर डिझेल पोचते पण तुटक, हवेने खंडित, आणि नीट न जळता बाहेर पडते. काळा धूर सोडून दम टाकत असेल तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी आहे. मग एअर क्लीनर आणि त्याची नळी पाहावी, डिझेलच्या वाटेला हात लावू नये.

आता ती वाट. चेसिसला लटकलेल्या टाकीतून एक नळी डिझेल उचलते. ते जाळीतून फीड पंपात येते. हा छोटा पंप मोठ्या पंपाच्या कुशीत बसलेला असतो, त्याच्याच कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याच्याच डोक्यावर हातपंप असतो. फीड पंप साधारण एक ते दीड बार दाबाने डिझेल फिल्टरांतून ढकलतो आणि मोठ्या पंपाच्या गॅलरीत भरतो. जास्तीचे डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परतीच्या नळीने टाकीत जाते. गॅलरीतून प्रत्येक सिलिंडरचे एलिमेंट, म्हणजे पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी, आपल्या वाट्याचे डिझेल उचलते आणि नोझलकडे फेकते. नोझल सुमारे २०० बारला उघडते. एका वेळी एका सिलिंडरला मिळणारे डिझेल पूर्ण भारावरसुद्धा थेंबा-दोन थेंबांएवढेच असते. तेवढ्याशा जागेत हवेचा बुडबुडा शिरला की एलिमेंट तोच बुडबुडा दाबत राहते. द्रव दबत नाही, हवा दबते. दाब २०० बारपर्यंत चढतच नाही, नोझल उघडत नाही आणि तो सिलिंडर त्या फेरीपुरता मुका होतो. बुडबुडे सलग आले की सहाही मुके होतात.

या वाटेचे दोन भाग मनात पक्के वेगळे ठेवावे लागतात, आणि बहुतेक चुका ते न ठेवल्यामुळे होतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे भेग असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते. फीड पंपाच्या पुढे दाब जास्त असतो. तिथे गळती असेल तर डिझेल टपकते, धूळ चिकटते, डोळ्यांना दिसते.

मिस्त्री : म्हणजे जिथं ओलं दिसतं तिथं आम्ही पाना लावतो आणि हवा शिरते भलतीकडूनच.

निदेशक : अगदी तसंच. फिल्टरखालचा ओला सांधा घट्ट करा, हरकत नाही. पण इंजिन बंद पाडणारी हवा सहसा कोरड्या सांध्यातून येते.

मिस्त्री : कोरडी गळती शोधायची आमची एक रीत आहे. टाकीच्या तोंडाला फडक्यानं नळी गच्च बसवायची, परतीची नळी मिटायची आणि तोंडानं फुंकायचं. एकाने फुंकत राहायचं, दुसऱ्यानं बॅटरी घेऊन गाडीखाली बघायचं. जिथून हवा आत जात होती तिथून डिझेल बाहेर पाझरतं.

निदेशक : ही रीत पुस्तकातल्या कुठल्याही रीतीइतकी पक्की आहे. फक्त कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडू नका.

मिस्त्री : सोडतात काही पोरं. टाकी फुगून शिवण सुटते.

येथे मिस्त्रीची युक्ती शास्त्राला धरून आहे. आतल्या-बाहेरच्या दाबाची दिशा उलटवली की लपलेली भेग स्वतःच बोलते. फुंकताना डिझेल तोंडात येणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी. निदेशकाची रीत याहून वेगळी: फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी बसवायची आणि इंजिन चालवून पाहायचे. नव्याने बसवल्यावर पहिल्या मिनिटात चार बुडबुडे येणारच, ते मोजू नयेत. त्यानंतरही साखळी चालू राहिली तर हवा टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये शिरते आहे. या नळीत डिझेल स्वच्छ, पण परतीच्या नळीत बुडबुडे दिसले, तर संशय फीड पंपावर जातो, विशेषतः हातपंपाच्या घासलेल्या रबरी रिंगेवर. हातपंप मारून झाल्यावर त्याची मूठ फिरवून खाली घट्ट बसवायची असते. घाईत ती अर्धवट राहिली तर पुढच्या चढाला हवा तिथूनच जाते. असा दोष दुरुस्तीतूनच जन्माला येतो.

तांब्याच्या वायसरांबद्दल दोघांचे एकमत आहे. तांबे एकदा दाबले गेले की कडक होते आणि दुसऱ्यांदा तोंडाला बसत नाही. नवे वायसर नसेल तर जुने लालसर होईतो तापवून पाण्यात टाकावे, म्हणजे ते मऊ होते. दुहेरी पाना लावून आवळण्यापेक्षा हे बरे. आवळल्याने पोकळ बोल्टला बारीक चीर जाते आणि नवा दोष तयार होतो.

रबराबद्दल एक नोंद येथेच करायला हवी. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचे डिझेल मिळते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले अॅरोमॅटिक घटकही घटतात. याच घटकांनी जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा फुगून घट्ट बसलेल्या असतात. घटक कमी झाले की रबर आकसते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांच्या रिंगा गळल्याचा अनुभव आला होता. म्हणून तीस वर्षांच्या पंपात मूळची रिंग अजून असेल तर ती वयामुळेच बदलण्याजोगी समजावी.

यानंतर टाकी. हा भाग सर्वांत कमी पाहिला जातो, आणि घाटातल्या बहुतेक कोड्यांचे उत्तर इथेच असते. फीड पंप डिझेल ‘ओढतो’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो नळीतला दाब कमी करतो आणि टाकीतल्या डिझेलवरची हवा त्याला वर ढकलते. ती हवा बाहेरून आत येण्यासाठी टाकीच्या झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. धूळ आणि डिझेल यांचा चिखल होऊन ती वाट बुजली की टाकीत पोकळी वाढू लागते.

मिस्त्री : झाकण उघडलं की ‘फस्स’ आवाज येतो. माझ्या गुरूनं मला शिकवलेली पहिली गोष्ट ती.

निदेशक : तो आवाज कधी जास्त येतो, टाकी भरलेली असताना की रिकामी?

मिस्त्री : तसं कधी पाहिलं नाही. रिकामीत जास्त येत असावा, आत हवाच हवा ना.

निदेशक : उलटं आहे. समजा १६० लिटरची टाकी जवळजवळ भरली आहे, वर फक्त १० लिटर हवा आहे. झाकण बुजलेलं आहे आणि दोन लिटर डिझेल जळलं. तीच १० लिटर हवा १२ लिटर जागेत पसरली. दाब एक-षष्ठांशानं उतरला. आता टाकी अर्धी आहे, हवा ८० लिटर. तेच दोन लिटर जळलं तर ८० ची ८२ झाली. दाब चाळिसाव्या भागानं उतरला, फीड पंपाला कळणारसुद्धा नाही.

मिस्त्री : म्हणजे पंपावर टाकी फुल केली आणि घाटात बंद पडली, तर झाकण?

निदेशक : आधी झाकण. बंद पडल्याबरोबर ते उघडायचं. आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर दोष सापडला.

मिस्त्री : आणि टाकी पावभर असताना बंद पडली तर?

निदेशक : ते तुम्ही सांगा.

मिस्त्री : आतल्या नळीला चीर. शहाळ्यात घातलेल्या नळीला वर भोक असलं तर पाणी कमी झाल्यावर नुसती हवाच येते, तसं. टाकी भरली की चीर डिझेलखाली बुडते आणि गाडी एकदम चांगली. म्हणून मालक म्हणतो, अर्ध्या टाकीवर चालतच नाही ही गाडी.

या दोन दोषांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. दोन्हींत इंजिन सावकाश दम सोडते, दोन्हींत थोड्या वेळाने सुरू होते. फरक फक्त टाकीच्या पातळीचा. भरल्या टाकीवर झाकण, उतरल्या टाकीवर आतली नळी, एवढी एक ओळ लक्षात ठेवली तरी पंप विनाकारण उतरवण्याचे कितीतरी प्रसंग टळतील. आतली नळी तपासायला ती बाहेर काढावी लागते. चीर बहुधा वरच्या पट्टीजवळच्या डाखाला असते, जिथे गाडीचा धक्का सर्वांत जास्त बसतो.

तिसरा टाकीतला दोष म्हणजे तरंगती घाण. फडक्याचा तुकडा, झाकणाच्या वायसरचा सुटलेला लचका, प्लॅस्टिकच्या पिशवीची चकती. इंजिन चालू असताना ओढीने ते नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटते आणि इंजिन उपाशी मरते. ओढ थांबली की तुकडा सुटतो, तरंगत बाजूला जातो, आणि पाच मिनिटांनी गाडी पहिल्यासारखी. हा दोष टाकीच्या पातळीला जुमानत नाही, त्याला वेळापत्रक नसते, आणि हेच त्याचे लक्षण. बंद पडल्यावर लगेच फीड पंपाकडची नळी सोडून टाकीच्या दिशेने हवा फुंकावी. टाकीत बुडबुड्यांचा आवाज येऊन वाट एकदम मोकळी झाल्याचे जाणवले तर आत तुकडा आहे. फुंकण्याने तो तात्पुरता हटतो. टाकी उतरवून धुतल्याशिवाय तो जात नाही.

पावसाळ्यात याला पाण्याची जोड मिळते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते. सपाटीवर ते नळीच्या तोंडाखाली राहते, चढावर एका कडेला सरकते आणि नळीत येते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टरचा कागद आतून लिंपून टाकतो. फिल्टर वारंवार तुंबत असेल तर नवा फिल्टर घालत राहणे व्यर्थ आहे. टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून पहिले लिटरभर काचेच्या बाटलीत धरावे आणि तासभर स्थिर ठेवावे. बाटलीत खाली काय बसते ते पाहून पुढचे ठरवावे.

वाट टाकीकडून बिघडली आहे की पुढे, हे एका फटक्यात ठरवण्याची जुनी चाचणी म्हणजे डबा लावणे. गाडीची टाकी बाजूला ठेवायची, स्वच्छ डिझेलचा डबा घ्यायचा, त्याची नळी थेट फीड पंपाला जोडायची, परतीची नळीही त्याच डब्यात सोडायची आणि त्याच घाटात गाडी न्यायची. डबा पक्का बांधलेला आणि एक्झॉस्टपासून लांब असला पाहिजे. दोघांचा खरा तांत्रिक मतभेद या डब्याच्या उंचीवर आहे.

मिस्त्री : डबा केबिनमध्ये वर टांगायचा. डिझेल आपोआप खाली येतं, इंजिन कधी उपाशी राहत नाही.

निदेशक : म्हणूनच टांगू नका. वर टांगलात की फीड पंपाला डिझेल उचलावंच लागत नाही. त्याचा व्हॉल्व्ह घासलेला असला तरी गाडी चालेल, आणि तुम्ही दोष टाकीवर ढकलाल. डबा टाकीच्याच उंचीवर ठेवा.

मिस्त्री : घाटात अडकलेल्या गाडीला घरी आणायचं असेल तर?

निदेशक : मग वरच टांगा. ती दुरुस्ती नाही, वाहतूक आहे.

निदेशकाचे म्हणणे येथे अधिक बरोबर आहे, पण दोन्ही उंचींवर चाचणी घेतली तर एकाच डब्यातून दोन उत्तरे निघतात. खालच्या डब्यावर गाडी निर्दोष चालली तर दोष टाकी आणि तिच्या नळीत. वरच्या डब्यावर चालली आणि खालच्या डब्यावर बंद पडली तर फीड पंप, त्याचे व्हॉल्व्ह किंवा हातपंपाची रिंग. दोन्हींवर बंद पडली तरच फिल्टर, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आणि मोठा पंप यांच्याकडे वळायचे.

तापल्यावरच येणारा दोष वेगळ्या जातीचा. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटतो. गार असताना ती ताठ असते, तापली की मऊ पडते आणि ओढीने आतल्या आत मिटते. बाहेरून बोटाने दाबून पाहिले तर कळते, डोळ्यांनी नाही. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मोडली तर गॅलरीत दाब धरत नाही. निदेशक येथे दाबमापक लावतो. गॅलरीत दाब धरतो की नाही हे काट्यावर स्पष्ट दिसते आणि स्प्रिंग बदलायला पंप उतरवावा लागत नाही. एलिमेंटच घासलेली असतील तर गरम, पातळ झालेले डिझेल त्यांच्या फटीतून मागे निसटते. असे इंजिन गार असताना पटकन सुरू होते आणि घाटमाथ्यावर बंद केले तर गरमागरम पुन्हा सुरू होत नाही. पंपावर ओले फडके टाकून थोड्या वेळाने सुरू झाले तर एलिमेंटवरचा संशय बळावतो. फडकेच टाकावे, बादलीभर पाणी ओतू नये. अचानक गार झालेल्या पंपात एलिमेंट अडकण्याचा धोका असतो.

डिझेलची वाट निर्दोष असूनही इंजिन बंद पडते अशी थोडी कारणे आहेत. स्टॉप केबल गंजून अर्धवट परतते आणि पंपातल्या, डिझेलचे प्रमाण ठरवणाऱ्या रॅकला मागे ओढून धरते. इंजिनाचे माउंटिंग रबर बसलेले असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीवर इंजिन एका बाजूला कलते आणि ताणलेली केबल स्वतःच पंप बंद करते. सपाटीवर हे कधीच घडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत त्याची झडप काजळीने अडकून अर्धी मिटलेली राहते आणि इंजिन गुदमरते. ही तिन्ही कारणे हाताने हलवून पाहता येतात आणि त्यासाठी खर्च येत नाही.

मिस्त्री : एवढं सगळं पाहिलं आणि तरी दोष राहिला तर? तेव्हा तर पंप उतरवाल ना?

निदेशक : उतरवेन. पण तेव्हा मला लिहून देता येईल की पंपाच्या तोंडाशी स्वच्छ, बिनहवेचं, पुरेशा दाबाचं डिझेल पोचत होतं. हे न तपासता पंप दिला तर कॅलिब्रेशनच्या बेंचवर तो चांगलाच निघतो. बेंचचं डिझेल स्वच्छ असतं, बेंचची टाकी फुटकी नसते.

मिस्त्री : आणि एकच सिलिंडर मार खात असेल तर?

निदेशक : तो अधूनमधून येत नाही, टिकून असतो. इंजिन आयडलला ठेवून एकेक नोझलचा नट सैल करा. ज्याच्या सैल करण्यानं आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. नट फडक्यानं झाकून सैल करा, हात समोर नको.

हा इशारा पुन्हा सांगण्याजोगा आहे. नोझलच्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत गेलेले डिझेल मांस नासवते. असे झाले तर फडके बांधून काम चालू ठेवू नये, तत्काळ शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

दोन रीतींमधला एक प्रश्न उरतोच. रात्री दोन वाजता, मागे वाहनांची रांग लागलेली असताना, एका वेळी एकच बदल करून पाहणे शक्य नसते. तेव्हा मिस्त्रीची रीतच चालते: झाकण उघडा, हातपंप मारा, ब्लीडिंग स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत हवा काढा, गाडी बाजूला घ्या. या कामात अनुभवी हाताला तोड नाही, आणि रस्त्यावर ते हात नसते तर मालवाहतूक थांबली असती. पण रस्त्यावरची रीत सकाळी गॅरेजात चालू ठेवली की तोटा सुरू होतो. हवा काढल्याने गाडी सुरू होते. हवा कुठून आली याचे उत्तर त्यातून मिळत नाही. रस्त्यावर हवा काढणाऱ्या मिस्त्रीनेच ड्रायव्हरला टाकीचा काटा, इंजिनाचे तापमान आणि झाकणाचा आवाज एवढे तीन शब्द बिलावर लिहून दिले, तर पुढच्या गॅरेजातले निम्मे काम झालेले असते.

दुरुस्तीनंतरची चाचणी दोष ज्या परिस्थितीत येत होता त्याच परिस्थितीत घ्यावी लागते. दोष पाव टाकीवर येत असेल तर पाव टाकीवर, भरल्या टाकीवर येत असेल तर टाकी काठोकाठ भरून, माल घालून, त्याच चढावर, इंजिन तेवढेच तापवून. रिकामी गाडी गॅरेजसमोर तासभर रेस करून घेतलेल्या चाचणीवर बिल फाडू नये, आणि मालकाने ते देऊही नये.